हातोड्याखालून आलेली इंग्लिश नाणी : ओळख कुठून सुरू करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या बहिणीने आपल्याला चांदीचे एक पातळ, किंचित वाकलेले आणि पुरते गोल नसलेले नाणे भेट दिले आहे. एका बाजूला मुकुट घातलेली स्त्री डावीकडे पाहते आहे आणि तिच्या डोक्यामागे एक फूल आहे. दुसऱ्या बाजूला ढाल असून तिच्या वर '१५६' एवढेच आकडे वाचता येतात, चौथा झिजला आहे. हे नाणे कोणते, ते खरे असेल का, आणि अशा नाण्यांचा छंद धरायचा तर ती ओळखायला कसे शिकावे, असे आपण विचारले आहे. वजन आपण २.८ ग्रॅम कळवले आहे आणि छायाचित्रे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत.

हे पहिल्या एलिझाबेथ राणीचे सिक्सपेन्स म्हणजे सहा पेनींचे नाणे आहे. ते लंडनच्या टॉवरमधील टांकसाळीत १५६७ ते १५६९ या तीन वर्षांत कधीतरी पाडले गेले. या निष्कर्षापर्यंत मी कसा पोचलो ते सविस्तर सांगतो, कारण पुढची शंभर नाणी ओळखायला आपल्याला हीच वाट उपयोगी पडेल.

नवशिका संग्राहक नाणे हातात आले की काठावरची अक्षरे वाचायला लागतो आणि दोन-तीन अक्षरांनंतर अडकतो. अक्षरे शेवटी वाचावीत. आधी आकार आणि वजन पाहावे, मग मागची बाजू, मग चेहरा, आणि त्यानंतर अक्षरे व खुणा. आपल्या नाण्याचा व्यास २६ मिलिमीटरच्या आसपास आहे. त्या काळच्या सिक्सपेन्सचे ठरलेले वजन ४८ ग्रेन, म्हणजे सुमारे ३.१ ग्रॅम, आपल्या भाषेत पाव तोळ्याहून किंचित जास्त. चारशेहून अधिक वर्षांची झीज धरली तर २.८ ग्रॅम हे अगदी अपेक्षित वजन आहे. शिलिंग, म्हणजे बारा पेनींचे नाणे, याच्या दुप्पट वजनाचे असते, त्यामुळे ते आपोआप बाद होते.

आता राणीच्या डोक्यामागचे फूल पाहा. तो ट्यूडर घराण्याचा गुलाब आहे. एलिझाबेथच्या काळात एकमेकांच्या जवळच्या किमतीची इतकी नाणी चालू होती की बाजारात घोटाळा होऊ नये म्हणून एकाआड एक नाण्यावर गुलाब ठेवला गेला. सहा, तीन, दीड आणि पाऊण पेनीच्या नाण्यांवर गुलाब आहे. शिलिंग, चार पेनींचे ग्रोट, दोन पेनी आणि एक पेनी यांवर तो नाही. गुलाब असलेल्या या चार नाण्यांत २६ मिलिमीटरचे एकच, ते म्हणजे सिक्सपेन्स. एकही अक्षर न वाचता आपण राणीपर्यंत आणि किमतीपर्यंत आलो.

राहिले साल. अक्षरांची ओळ जिथे सुरू होते तिथे, मुकुटाच्या अगदी वर, एक लहानसे चिन्ह असते. त्याला टांकसाळ-चिन्ह म्हणण्याचा प्रघात आहे, पण ते टांकसाळीचे गाव सांगत नाही. ते नाण्यांची खेप सांगते. दर खेपेतील काही नाणी एका पेटीत बाजूला काढून ठेवली जात आणि ठरावीक मुदतीनंतर जाणकारांचे मंडळ त्यांचे वजन व कस तपासत असे. या तपासणीला ट्रायल ऑफ द पिक्स म्हणतात आणि ती लंडनमध्ये आजही दरवर्षी होते. एक तपासणी झाली की चिन्ह बदलायचे, असा साधारण क्रम होता. म्हणून एलिझाबेथच्या नाण्यांवर बाणाचे टोक, सिंह, किल्ला, एकोर्न म्हणजे ओक झाडाचे फळ, घंटा, पंजा, जहाजाचा नांगर अशी चिन्हे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाची वर्षे ठरलेली आहेत. आपल्या नाण्यावर तीन टोकांचा छोटा मुकुट आहे. हे चिन्ह १५६७ ते १५७० या काळातले आहे. सालाचा तिसरा आकडा ६ असल्याने १५७० गळते आणि १५६७, १५६८ व १५६९ एवढीच वर्षे उरतात. आता भिंग घेऊन चौथ्या आकड्याच्या जागी वर बंद गोलाकार उरला आहे का ते पाहा. तो असेल तर ८ किंवा ९, आणि नुसती आडवी रेघ असेल तर ७. छायाचित्रात मला गोलाई असल्यासारखे वाटते, पण हा निवाडा नाणे हातात घेऊनच करावा.

राणीचा गाल आणि ढालीचा मध्य दोन्ही पुसट आहेत. आपण ती झीज समजला आहात, पण माझ्या मते त्यातली निम्मी झीज नाही. नाणे कसे घडत असे ते कळले की हा फरक समजतो. चांदीची पट्टी ठोकून पातळ करायची, कातरीने चकत्या कापायच्या, तापवून मऊ करायच्या. खालचा, म्हणजे चेहऱ्याचा ठसा खिळ्यासारख्या टोकाने लाकडी ठोकळ्यात रोवलेला असे. चकती त्यावर ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि वर हातोडा घालायचा. एका घावात चांदी दोन्ही ठशांच्या खोबणींत शिरली पाहिजे. चेहऱ्याची खोबण सर्वांत खोल असते. नेमकी तिच्या समोर दुसऱ्या बाजूला ढाल आली की दोन्हीकडे भरायला चांदी अपुरी पडते आणि मधला भाग कच्चा उठतो. झीज झाली असेल तर उंच भाग गुळगुळीत आणि चपटा होतो. कच्च्या उठावात मात्र चकतीचा मूळचा खरबरीतपणा तसाच दिसतो. नाणे उजेडात तिरपे धरून हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा चूक होत नाही.

वरचा ठसा हातातच असल्यामुळे तो कसाही फिरलेला असे. म्हणून या नाण्यांत चेहरा सरळ धरून नाणे उलटले की ढाल कधी तिरकी, कधी उलटी निघते. घावानंतर ठसा उडून पुन्हा टेकला की अक्षरे दुहेरी उठतात. हातोड्याचा मार थेट वरच्या ठशावर बसत असल्याने तो लवकर फुटे, त्यामुळे चेहऱ्याच्या एका ठशाला मागच्या बाजूचे एकाहून अधिक ठसे लागत. अशा फुटत चाललेल्या ठशाची बारीक तडा नाण्यावर उंच रेघेच्या रूपाने उमटते. मला स्वतःला सुबक, भरगच्च नाण्यापेक्षा अशी रेघ असलेले नाणे जास्त आवडते, कारण तिथे त्या दिवशीचे काम दिसते.

शिवराई गोळा करणाऱ्या आपल्याकडील संग्राहकाला हे सगळे ओळखीचे वाटेल. शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे एका नाण्यावर 'श्री राजा' उमटते आणि 'शिव' काठाबाहेर जाते, तर दुसऱ्यावर नेमके उलटे होते. चार नाणी शेजारी ठेवून आपण पूर्ण मजकूर जुळवतो. इंग्लिश नाण्यांनाही तीच सवय लागते. ज्याने शिवराईवर डोळा बसवला आहे, त्याचे निम्मे शिक्षण आधीच झालेले असते.

आता पुढच्या संग्रहाविषयी. माझा सल्ला असा की, एलिझाबेथच्या मागे, मध्ययुगीन पेनीकडे जावे. आठव्या शतकात इंग्लंडमधल्या मर्सिया या राज्याचा राजा ऑफा याने रुंद, पातळ चांदीची पेनी रूढ केली आणि त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षे इंग्लंडमध्ये व्यवहारात प्रामुख्याने हे एकच नाणे होते. अर्धी पेनी हवी असेल तर पेनी कातरीने मधोमध कापत, पाव हवी असेल तर तिचे चार तुकडे करत. असे कापलेले तुकडे आजही शेतांत सापडतात आणि ते तुटलेले नाणे म्हणून टाकून देऊ नयेत.

या पेनीची मागची बाजू कालदर्शक म्हणून वापरता येते. ११८० ते १२४७ या काळात दुहेरी रेघांचा आखूड क्रूस दिसतो; तो अक्षरांच्या वर्तुळाच्या आतच संपतो आणि त्याच्या प्रत्येक कोनात चार ठिपक्यांचे छोटे फूल असते. १२४७ मध्ये क्रूस लांबवून थेट काठापर्यंत नेला गेला, रेघा दुहेरीच राहिल्या आणि प्रत्येक कोनात तीन ठिपके आले. क्रूस काठापर्यंत नेण्याचे कारण चोरी. लोक नाण्याचा काठ कातरून चांदी काढून घेत. क्रूसाची चारही टोके दिसलीच पाहिजेत म्हटल्यावर कातरलेले नाणे नजरेत भरणे सोपे झाले. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने नाणेव्यवस्था नव्याने बसवली. क्रूस काठापर्यंतच राहिला, पण त्याची रेघ एकच, भरीव आणि टोकाला रुंद होत जाणारी झाली. हे तीन क्रूस मनात पक्के बसले की अक्षर न वाचता शंभर वर्षांचा काळ तीन भागांत विभागता येतो. भरीव क्रूस आणि तीन ठिपके हा नमुना पुढे सुमारे दोन शतके टिकला. सातव्या हेन्रीच्या काळात क्रूसावर राजाची ढाल आली. त्या ढालीच्या चार चौकटींत फ्रान्सची लिलीची फुले आणि इंग्लंडचे सिंह आळीपाळीने असतात. एखाद्या चौकटीत वीणेसारखे वाद्य दिसले, तर नाणे १६०३ नंतरचे, म्हणजे स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आल्यावरचे, असे धरून चालावे.

नावांवर विसंबून राहण्यात मोठा सापळा आहे. आखूड क्रूसाच्या सगळ्या पेनींवर 'हेन्रिकुस रेक्स' म्हणजे 'राजा हेन्री' असे लिहिलेले आहे, पण त्या काळात दुसऱ्या हेन्रीनंतर रिचर्ड आणि जॉन असे दोन राजे होऊन गेले आणि त्यानंतर तिसरा हेन्री आला. रिचर्ड आणि जॉन यांनी आपल्या इंग्लिश पेनींवर स्वतःचे नाव घातलेच नाही. हे नाणे नेमके कोणाचे, हे ठरवायला राजाच्या कानाजवळच्या केसांची वळणे, मुकुटातले मोती आणि मागच्या बाजूचा मजकूर पाहावा लागतो. मागच्या बाजूला नाणे पाडण्याची जबाबदारी असलेल्या माणसाचे नाव आणि गाव असते. लांब क्रूसाच्या एका नेहमी आढळणाऱ्या पेनीवर 'निकोले ऑन कांट' असे वाचता येते, म्हणजे 'कँटरबरी येथील निकोले'. चांदीत खोट निघाली तर जाब कोणाला विचारायचा हे नाण्यावरच लिहून ठेवलेले होते. आठशे वर्षांपूर्वीच्या एका कारागीर-व्यापाऱ्याचे नाव स्वतः अक्षर अक्षर लावून वाचण्याचा आनंद मी अजूनही तितक्याच उत्कटतेने अनुभवतो.

एडवर्ड नावाच्या तीन राजांचाही असाच गुंता आहे. १२७९ पासून पेनीवरून माणसाचे नाव गेले आणि 'सिविटास लंडन', 'सिविटास कांटोर' असे केवळ शहर राहिले. चेहरा तर तिघांचाही सारखाच, समोर पाहणारा आणि दोन्हीकडे कुरळे केस असलेला. तो कोणाचेही खरे चित्र नाही. चंद्रकोर, दांडी, ठिपका अशा लहान छिन्न्या ठोकून तो ठशावर जुळवलेला असे. इथे नावाचे लघुरूप उपयोगी पडते. ढोबळ नियम असा की 'ई-डी-डब्ल्यू' एवढेच असेल तर पहिला एडवर्ड संभवतो आणि पुढे 'ए' किंवा 'ए-आर' जोडलेले असेल तर नाणे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे, बहुधा दुसऱ्या एडवर्डकडे झुकणारे असते. याला अपवाद आहेत, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी फॉक्स बंधू या नाणे-अभ्यासकांनी अक्षरांची वळणे आणि मुकुटाची पाने यांवरून केलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. त्या काळचे इंग्लिश 'ई' बंद अर्धचंद्रासारखे दिसते, हे आधी माहीत असले तर अर्धी वाचनाची अडचण मिटते.

वजनाचा उपयोगही इथे होतो. १२७९ ची पेनी सुमारे १.४४ ग्रॅमची होती. १३५१ मध्ये ती १८ ग्रेन म्हणजे सुमारे १.१७ ग्रॅमवर आली, १४१२ मध्ये १५ ग्रेनवर आणि १४६४ मध्ये १२ ग्रेनवर. त्यामुळे पुसट पेनीचे वजन १.३ ग्रॅम भरले तर ती १३५१ च्या आधीची असण्याचा संभव मोठा. उलट हलके वजन फारसे काही सिद्ध करत नाही, कारण ते कातरल्यामुळेही असू शकते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि मिलिमीटरची पट्टी एवढ्या साहित्यावर मी पहिली काही वर्षे काढली. महागडी पुस्तके त्यानंतर घेतली तरी चालतात.

खरे-खोटे या मुद्द्यावर थोडे अधिक लिहितो. त्या काळातली बनावट नाणी हा वेगळा आणि अभ्यासाचा विषय आहे. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ थर चढवलेले नाणे झिजले की आतला तांबूस रंग दिसतो. तरीही तांबूस दिसले की लगेच खोटे म्हणू नये. आठव्या हेन्रीने १५४४ पासून चांदीत इतके तांबे मिसळले की त्याच्या अखेरच्या नाण्यांत चांदीपेक्षा तांबेच जास्त होते. समोर पाहणाऱ्या चेहऱ्याचे नाक सर्वांत आधी झिजून तांबडे दिसू लागे आणि लोक राजाला तांबड्या नाकाचा म्हणत. ती नाणी अस्सल आहेत.

आधुनिक बनावट नाणी बहुधा ओतीव असतात. त्यांवरची अक्षरे साबणाच्या वडीवर कोरल्यासारखी गोलसर असतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात आणि काठावर कधी कधी साच्याचा जोड सापडतो. ठोकलेल्या नाण्याची अक्षरे पृष्ठभागातून कडेने सरळ उभी राहतात. याहून पक्की कसोटी म्हणजे हुबेहूब जुळे नाणे सापडणे. मी पूर्वी एका विक्रेत्याकडून लांब क्रूसाची एक पेनी घेतली होती. वजन ठीक, रंग ठीक. दोन वर्षांनी दुसरीकडे तशीच एक पेनी पाहिली, आणि तिच्या काठाची चीर, डावीकडे सरकलेला चेहरा, एका अक्षरावरचा ओरखडा हे सगळे माझ्या नाण्याशी तंतोतंत जुळले. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण चीर आणि ओरखडा एक असू शकत नाही. दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली होती. तेव्हापासून नाणे घेण्यापूर्वी त्याच प्रकारच्या निदान वीस-पंचवीस नाण्यांची छायाचित्रे मी पाहतो. आपल्या सिक्सपेन्सवर मला ओतीव नाण्याचे एकही लक्षण दिसले नाही. काठ एकदा भिंगाखाली तपासून घ्या. त्याला असलेला बाक चिंतेचा नाही. पातळ चांदी नांगराच्या फाळाने किंवा जमिनीतल्या दाबाने सहज वाकते; आणि बाक मुद्दाम दोन विरुद्ध दिशांना दिलेला असेल, तर कोणीतरी ते प्रेमाची खूण म्हणून वाकवून दिले असण्याची शक्यता असते. कोणत्याही परिस्थितीत ते सरळ करू नका. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते आणि पहिल्या दाबालाच तडकते.

स्वच्छतेविषयी मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्या घरांत चांदी घासण्याची सवय फार खोल आहे. दिवाळीच्या आधी निरांजन आणि ताम्हन रांगोळीने किंवा टूथपेस्टने लखलखीत करावे, तसेच नाण्याचेही करावे असे वाटते. माझ्या पहिल्या एडवर्डच्या पेनीवर छान करडा-निळसर थर होता. मी ती टूथपेस्टने घासली. पाच मिनिटांत ती पांढरी झाली, राजाच्या केसांतल्या बारीक रेघा गेल्या आणि पृष्ठभागावर उरलेले ओरखडे तिरप्या उजेडात आजही दिसतात. माती असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि मऊ कापडावर नुसते टिपून घ्यावे. यापुढे काहीही करू नये. ठेवताना पीव्हीसीची लवचिक पाकिटे टाळावीत, कारण त्यांचा हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो.

नाणी कुठून घ्यावीत हे कायद्याशी जोडलेले आहे. इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्र घेऊन शेतांत हिंडणाऱ्या हौशी लोकांमुळेच यातली असंख्य नाणी उजेडात आली. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकाच ठेव्यातली असतील तर ती कळवणे बंधनकारक आहे; सुट्या नाण्यांची नोंद ऐच्छिक आहे, पण ती व्हावी यासाठी ब्रिटिश म्युझियमच्या पुढाकाराने पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम चालते. तिच्या खुल्या नोंदींत दहा लाखांहून अधिक वस्तू आहेत आणि ओळख पटवायला याहून चांगले विनामूल्य साधन मला माहीत नाही. एकाच राजाच्या झिजलेल्या, कातरलेल्या, अर्धवट नाण्यांची छायाचित्रे तिथे ओळीने पाहता येतात. कॅटलॉगमधल्या निवडक सुंदर नाण्यांपेक्षा ती आपल्या हातातल्या नाण्याशी अधिक जुळतात. विक्रेत्याला नाणे कुठे सापडले आणि नोंद झाली आहे का, हे जरूर विचारावे आणि मिळालेले उत्तर नाण्यासोबत लिहून ठेवावे. गावाचे नाव तुटले की नाण्याची निम्मी माहिती कायमची जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून इथे आणलेले नाणे तपासणीसाठी परत इंग्लंडला पाठवता येईल असे गृहीत धरू नये. पुढचे नाणे बहिणीमार्फत घ्यायचे असेल तर त्याची ओळख आणि खरेपणा तिथेच पक्का करून घ्यावा, तिथल्या निर्यात परवान्याची चौकशी विक्रेत्याकडे करावी आणि पावती सोबत ठेवावी.

पहिली खरेदी म्हणून लंडनला पाडलेली पहिल्या एडवर्डची पेनी घ्यावी, असे मी सुचवतो. ती विपुल मिळते, म्हणून किंमत आवाक्यात असते, आणि तिच्यात लघुरूप, मुकुट, अक्षरवळण, वजन या सगळ्यांचा सराव होतो. तोवर आपल्या सिक्सपेन्सचे एक नवे छायाचित्र काढा. दिवा वरून न ठेवता टेबलाच्या पातळीवर डाव्या बाजूला ठेवा, नाणे थोडे थोडे फिरवत चार छायाचित्रे घ्या आणि ढालीच्या वरच्या भागावर लक्ष द्या. सावली योग्य कोनात पडली की चौथा आकडा बहुतेक दिसेल.